शून्य टीडीएसचं पाणी प्यावं की इन्व्हर्टरला घालावं?

डिस्टिल्ड पाणी प्यायल्याने हाडं ठिसूळ होतात, ते शरीरातली खनिजं ओढून घेतं, असं छातीठोकपणे सांगणारे लोक आहेत. त्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर, ‘आमच्या आर.ओ.च्या पाण्याचा टीडीएस फक्त १२’ असं कौतुकाने सांगणारेही आहेत. (आर.ओ. म्हणजे बारीक पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणारं यंत्र.) दोघंही एकाच आकड्याला, टीडीएसला, चिकटून बसलेत: लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत. पाणी प्यायला चांगलं की वाईट, हे त्या आकड्यावरून फार थोडं कळतं. पुण्यात त्याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या टाकीत येतं ते पाणी खडकवासला धरणाचं, बोअरचं की टँकरचं?

डिस्टिल्ड पाण्याचं उत्तर आधी देऊन टाकू. स्वच्छ भांड्यात, खाद्यपदार्थांच्या दर्जाने तयार केलेलं डिस्टिल्ड पाणी प्यायल्याने निरोगी माणसाला काही होत नाही. त्याने खास फायदाही होत नाही. आणि बॅटरीच्या दुकानात मिळतो तो कॅन मात्र पिऊ नये, पण त्याचं कारण पाणी ‘फार शुद्ध’ आहे हे नाही.

पाणी उकळून, वाफ थंड करून पुन्हा जमवलं की ते डिस्टिल्ड. क्षार, नायट्रेट, धातू सगळं मागे भांड्यात राहतं, जंतू उकळण्यातच मरतात. टीडीएस ० ते ५ च्या घरात येतो. सहज उडून जाणारी काही रसायनं तेवढी वाफेबरोबर पलीकडे जाऊ शकतात, म्हणून चांगल्या यंत्रात शेवटी कार्बनचं फिल्टर असतं. आता बॅटरीचं पाणी. यातलं बरंचसं उकळलेलं नसतंच. ते रेझिनच्या बारीक मण्यांमधून काढलेलं डी.एम., म्हणजे क्षार काढून घेतलेलं पाणी असतं. रेझिन क्षार धरून ठेवतं, जंतूंना अडवण्याचं काम त्याचं नाही. उलट ओलसर रेझिनच्या थरात जंतू मजेत वाढतात. बॅटरीच्या पाण्यासाठी आय.एस. १०६९ हे वेगळं भारतीय मानक आहे आणि त्याला काळजी बॅटरीच्या प्लेट्सची आहे, तुमच्या पोटाची नाही. कॅनचं प्लॅस्टिकही पिण्याच्या पाण्यासाठी निवडलेलं नसतं. उलट बाजूने, घरच्या आर.ओ.चं ३०-४० टीडीएसचं पाणी इन्व्हर्टरला घालू नका. त्यात उरलेलं क्लोराइड बॅटरीचं आयुष्य कमी करतं.

शरीरातली खनिजं ओढली जातात का?

रक्तात लिटरमागे साधारण ९००० मिलिग्रॅम मिठाइतका खारटपणा असतो. दवाखान्यातल्या सलाइनची बाटली म्हणून ०.९ टक्क्यांची असते. खडकवासल्याच्या पाण्यात लिटरमागे साधारण शंभर मिलिग्रॅम क्षार. डिस्टिल्डमध्ये शून्य. आता एका बाजूला ९००० असताना दुसऱ्या बाजूला १०० आहे की ०, याने पेशीला काय फरक पडणार? शून्य टीडीएसने पेशी फुटत असत्या, तर धरणाच्या पाण्यावर वाढलेली आख्खी सदाशिव पेठ एव्हाना रिकामी झाली असती. शिवाय प्यायलेलं पाणी तसंच्या तसं रक्तात जात नाही. लाळ, जठरातला रस, आतड्यातले स्राव त्यात मिसळतात आणि पुढचा हिशोब मूत्रपिंडं सांभाळतात. डिस्टिल्ड पाणी थेट शिरेत सोडलं तर मात्र तांबड्या पेशी खरंच फुटतात. भीतीचा उगम बहुधा तिथला असावा.

खरा धोका पाण्याच्या प्रकारात नाही, घामात आहे. मॅरेथॉनमध्ये तीन-चार तास घाम गाळून कुणी नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसलं, तर रक्तातलं सोडियम घसरतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. पाणी नळाचं असो, बाटलीचं असो की डिस्टिल्ड, परिणाम तोच. अशा वेळी सरबतात मीठ हवं. जुलाब-उलट्यांमध्ये ओ.आर.एस. द्यावं आणि ते आर.ओ.च्या पाण्यात बनवलं तरी चालतं, कारण लागणारं मीठ आणि साखर पुडीतूनच येते. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलिलिटरचा. मिठाचा हात सैल सोडू नका.

मग पाण्यातून मिळणाऱ्या खनिजांचं काय? हिशोब मांडू. आय.सी.एम.आर.च्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. धरणाच्या पाण्यात लिटरमागे १५ मिलिग्रॅम धरलं, तर तीन लिटरमधून ४५ मिलिग्रॅम. ते सगळं काढून टाकलं तरी नुकसान जेमतेम दोन कप चहात पडणाऱ्या दुधाएवढं. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, नाचणीच्या ५० ग्रॅम पिठात पावणेदोनशेच्या आसपास. बोअरच्या पाण्याचं गणित वेगळं. तिथे लिटरमागे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल, तर तीन लिटरमधून २४० येतं, म्हणजे दिवसाच्या गरजेचा जवळजवळ चौथा हिस्सा. थोडक्यात, धरणाच्या पाण्यातून आर.ओ. फारसं काही हिरावत नाही, कारण हिरावण्यासारखं तिथे फार नसतंच. बोअरच्या पाण्यातून हिरावतो, पण तिथे त्याची गरजही असते. अशा घरात दूध-ताक, नाचणी, तीळ, राजगिरा ताटात नेमाने असले की प्रश्न मिटतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका संकलनात, पाण्यात लिटरमागे किमान २० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असावं, अशी सूचना आहे. जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेलं पाणी पिणाऱ्या वस्त्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी दिसतं, अशी निरीक्षणं त्यामागे होती. निरीक्षण म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, पण मॅग्नेशियमचा मुद्दा अगदी उडवून लावण्यासारखाही नाही. एवढ्यासाठी आर.ओ.चं पाणी १० टीडीएसवर न ठेवता १०० च्या पुढे ठेवावं, हे आमचं मत.

मुतखड्याच्या भीतीने कुणी आर.ओ. बसवत असेल तर थांबा. पाण्यातलं कॅल्शियम मुतखडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून टाकतं, म्हणून त्याला खलनायक ठरवणं बरोबर नाही. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी पोटात जाणं महत्त्वाचं, मग ते कुठलंही असो.

स्वयंपाकघरात आणि भांड्यात

क्षारांचा फरक खरा दिसतो तो इथे. टँकरच्या जड पाण्यात तूरडाळ लावा: चार शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाताखाली लागतो, वरण एकजीव होत नाही, पाणी वर आणि डाळ खाली. डाळीच्या पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला पाण्यातलं कॅल्शियम आणखी घट्ट करतं, हे त्याचं कारण. त्याच पाण्याच्या चहावर तवंग येतो. मऊ पाण्यात डाळ पटकन शिजते. पण अगदी क्षारहीन पाण्यात भाजी उकडून पाणी फेकून दिलं, तर भाजीतलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ६० टक्क्यांपर्यंत त्या पाण्याबरोबर जाऊ शकतं. वरणाला याची भीती नाही, कारण ते पाणी आपण पितो. वेळलेला भात आणि उकडलेल्या भाज्या यांत फरक पडतो, म्हणून भाजी उकडल्याचं पाणी आमटीत घालावं.

शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि त्याचा पीएच ५.६ पर्यंत उतरतो. ‘आम्लधर्मी पाणी’ म्हणून घाबरायचं कारण नाही. लिंबाचं सरबत त्याच्या कितीतरी पट आंबट असतं. धातूला मात्र फरक पडतो. क्षार नसलेलं, किंचित आम्लधर्मी पाणी तांबं जास्त विरघळवतं. तांबट आळीतून हौसेने आणलेल्या तांब्यात १० टीडीएसचं पाणी दोन-दोन दिवस भरून ठेवू नये. रात्री भरलं, सकाळी संपवलं, आतून चिंच-मिठाने घासून कोरडं केलं, एवढं पुरे. ताक किंवा लिंबूपाणी त्यात कधीच नको.

टीडीएस मीटरला काय दिसतं?

दोनशे-तीनशे रुपयांचा तो पेनासारखा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्याला एका ठरावीक गुणकाने गुणून पीपीएमचा, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅमचा आकडा दाखवतो. म्हणजे त्याला विजेरी भार असलेले क्षार दिसतात. जंतू दिसत नाहीत. कीटकनाशक दिसत नाही. नायट्रेटची कमाल मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, पण ५०० च्या आकड्यात त्यातलं ४५ आहे की ९०, हे त्याला वेगळं सांगता येत नाही.

विक्रेत्यांचा एक खेळ या मीटरच्याही पुढचा आहे. दोन पेले ठेवतात, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आर.ओ.चं. चार दांड्यांचं एक यंत्र दोन्हींत बुडवून बटण दाबतात. मिनिटभरात नळाच्या पाण्यात आधी हिरवट, मग तांबूस-तपकिरी फेस येतो आणि खाली गाळ बसतो. आर.ओ.चा पेला स्वच्छ. ‘बघा, काय पिताय तुम्ही!’ तो गाळ पाण्यातला नसतोच. प्रत्येक पेल्यातली एक दांडी लोखंडाची असते. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गंज पेल्यात उतरतो. आर.ओ.च्या पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून तिथे काही घडत नाही. पुन्हा कुणी दारात आलं तर त्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून बटण दाबायला सांगा.

मीटर अगदी टाकाऊ मात्र नाही. टँकर आला की पाइप टाकीत सोडण्याआधी एक पेला मोजा. धरणाचं पाणी १००-१५० च्या आसपास दाखवतं. आकडा ८०० आला, तर ‘महापालिकेचं पाणी’ म्हणून पैसे घेऊन तुम्हाला बोअरचं विकलंय. बेसॉल्ट खडकातून मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असतात, आणि गीझरच्या कॉइलवर जमतो तो पांढरा थर त्यांचाच.

कुणी काय बसवावं

महापालिकेचं पाणी येत असेल तर आर.ओ. नको. भारतीय मानक आय.एस. १०५०० नुसार टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे आणि आपलं पाणी त्याच्या पाव-पंचमांश आहे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या ठिकाणी आर.ओ.वर बंदी आणायला केंद्राला सांगितलं होतं. घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतं, आणि उन्हाळ्यात दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात हे परवडत नाही.

म्हणून नळाचं पाणी काहीच न करता प्यावं असं नाही. केंद्रातून ते तुरटी, वाळूचे फिल्टर आणि क्लोरीन या पायऱ्यांतून नीट होऊन निघतं. बिघडतं ते वाटेत. पाणी ठरावीक वेळच सोडलं जातं. बंद काळात नळी रिकामी होते, दाब उतरतो, आणि शेजारच्या गटाराचं पाणी फुटक्या सांध्यातून आत ओढलं जातं. त्यानंतर सोसायटीची जमिनीखालची टाकी, जिच्या झाकणाकडे कुणी बघत नाही. इथे जंतू मारणं हे काम आहे, क्षार काढणं नाही. पाच मायक्रॉनचं गाळफिल्टर, कार्बन आणि यू.व्ही. (जंतू मारणारा अतिनील दिवा) असं यंत्र पुरतं. पाणी गढूळ असेल तर यू.व्ही.चा प्रकाश जंतूंपर्यंत पोचत नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गाळफिल्टरवर लक्ष ठेवा. यू.व्ही.चा दिवा निळा दिसत राहतो पण वर्षभराने त्याची ताकद उतरलेली असते. तो बदलावाच लागतो. यंत्र नको असेल तर खळाळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, जंतूंना तेवढं भरपूर आहे.

बोअर किंवा टँकरच्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या वर असेल, किंवा तपासणीत नायट्रेट ४५ च्या वर निघालं असेल, तर आर.ओ. घ्या. नायट्रेटच्या बाबतीत उकळणं उलट पडतं: पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. सहा महिन्यांखालच्या बाळाचं दूध पावडरीचं असेल, तर ही तपासणी टाळू नका.

यंत्रातल्या टीडीएस कंट्रोलरबद्दल थोडं सविस्तर, कारण बसवणारे तो डोळे झाकून फिरवतात. तो स्क्रू न गाळलेलं पाणी गाळलेल्यात मिसळतो. मूळ पाणी ९०० चं आणि पडद्यातून ५० चं येत असेल, तर दहातला एक भाग मूळ पाणी मिसळल्यावर साधारण १३५ मिळतं. एवढं ठीक. ३०० पर्यंत उघडला, तर जवळजवळ तीस टक्के पाणी पडद्याला वळसा घालून येतंय, आणि त्याच्याबरोबर त्याचं नायट्रेटही. मिसळलेलं पाणी यू.व्ही.च्या आधी मिसळतंय ना, हे नळ्या बघून खात्री करून घ्या. नायट्रेट जास्त असेल तर स्क्रू बंद ठेवून, मिनरल काडतूस लावलेलं बरं.

बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बाऊ करू नका. ९०० च्या पाण्यातून चारातला एक भाग काढला तर उरलेल्याचा टीडीएस ११८० च्या आसपास जातो, हजारोंमध्ये नाही. फरशी, संडास, चपला-गाड्या यासाठी ते चालतं. कुंड्यांना रोज घातलं तर मात्र मातीत क्षार साठतात. १०० च्या पाण्याचं सांडपाणी तर जेमतेम १३० चं असतं, म्हणजे ते चक्क प्यायच्या पाण्याइतकं गोड असून गटारात जातं.

सोसायटीत सॉफ्टनर असेल तर आणखी एक गोष्ट. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन त्याबदल्यात सोडियम देतो. टीडीएस जवळपास आहे तेवढाच राहतो, म्हणून ‘प्लांट बसवूनही आकडा कमी होत नाही’ ही सभेतली तक्रार यंत्राच्या बिघाडाची नसते. लिटरमागे दर १०० मिलिग्रॅम जडपणाला ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. जडपणा ४०० असेल तर १८४ मिलिग्रॅम. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि तान्ही बाळं असलेल्या घरात पिण्यासाठी हे पाणी थेट नको, आर.ओ.तून काढून चालेल.

देखभाल: गाळफिल्टर तीन ते सहा महिने, कार्बन सहा महिने ते वर्ष, पडदा दोन-तीन वर्षं. कार्बन वेळेवर बदलला नाही तर क्लोरीन पुढे जाऊन पडदा खातं, आणि मग अडीच-तीन हजारांचा फटका बसतो. यंत्रावर एक कागद चिकटवून आत येणारा आणि बाहेर पडणारा टीडीएस महिन्याला लिहा, अर्थात कंट्रोलर बंद ठेवून. बाहेरचा आकडा आतल्याच्या दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर गेला की पडदा संपत आला. कार्बन क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे यंत्राच्या टाकीतलं पाणी उघडं पडतं. त्यात जंतू शिरले तर त्यांना अडवणारं काही नसतं. दिवाळीला आठ दिवस गावी जाऊन आलात, तर टाकी दोनदा पूर्ण रिकामी करून मगच प्या.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पुण्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा हेच समोर आलं. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. दूषित पाण्याचा संशय बळावला आणि महापालिकेने त्या भागातले खासगी आर.ओ. प्रकल्पही तपासून बंद केले. ज्या जारचं पाणी मीटरवर ४० दाखवतं आणि जिभेला गोड लागतं, त्यातही जंतू असू शकतात. कॅम्पिलोबॅक्टर तसा नाजूक. उकळीने मरतो, पुरेशा क्लोरीननेही मरतो. सील नसलेला, बाहेर परवाना क्रमांक न छापलेला थंड जार लग्नाकार्यात सर्रास येतो. त्या पाण्यावर लहान मुलांना ठेवू नका.

सोसायटीच्या टाकीत क्लोरीन आहे का, हे ओ.टी. टेस्टच्या थेंबांनी मिनिटात कळतं: पिवळी छटा आली तर आहे. घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. टाकी धुतल्यावर किंवा पाण्याला वास आल्यावर १००० लिटरला ५ ग्रॅम टी.सी.एल. (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून, निवळी तेवढी टाकीत ओतून अर्धा तास थांबा. पावडरीचं पोतं उघडं राहिलं की तिचा जोर जातो, त्यामुळे जुन्या पावडरीवर भरवसा ठेवू नका. मात्रेनंतर पुन्हा थेंब टाकून बघा.

आणि पाणी प्रयोगशाळेत द्यायचं असेल तर दोन नमुने लागतात. रासायनिक तपासणीसाठी त्याच पाण्याने तीनदा विसळलेला दोन लिटरचा कॅन. जंतूंसाठी प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली; ती विसळायची नाही, आतली पूड क्लोरीन मारण्यासाठी असते. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटली काठोकाठ न भरता वर थोडी जागा ठेवा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. शनिवारी दुपारी नमुना घेऊन सोमवारी दिला, तर अहवालात जे येईल ते तुमच्या नळाचं नसेल.